तिसऱ्या दिवशीचं दुखणं

१

घड्याळजींना मरण आलं ते त्यांच्या कामाच्या टेबलापाशीच. गुरुवार होता, सकाळचे दहा वाजून गेले होते. त्यांची लेक काहीतरी सांगायला म्हणून घाईघाईने दुकानात शिरली, तेव्हा ते खुर्चीत बसलेले, कपाळ टेबलाला टेकलेलं, आणि बोटांशी एक बारीक स्क्रू पडलेला. तिला वाटलं, डोळा लागला असेल. तिने खांद्याला हात लावला, आणि मग तिची हाक मला वरच्या मजल्यावर ऐकू आली.

मी दुकानाच्या वरच राहते. एका विमा कंपनीसाठी अठ्ठावीस वर्षं मी अपघात झालेल्या गाड्या तपासल्या. कुठल्या पत्र्याला कुठून पोचा आला, कोण खरं बोलतंय, कोण थापा मारतंय, हे सांगणं माझं काम. ऑफिसात मला पोचेबाई म्हणत. निवृत्त झाले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. घड्याळजी मात्र नुसतं 'बाई' म्हणायचे. रोज चार वाजता आम्ही त्यांच्या दुकानात चहा प्यायचो आणि फारसं काही बोलायचो नाही. गप्प बसून चहा प्यायला जोडीदार मिळायलाही नशीब लागतं. मला तो बावीस वर्षं मिळाला होता.

शवविच्छेदनात निघालं ते असं. मानेतल्या मागच्या एका रक्तवाहिनीचा आतला पदर फाटला होता. तिथे रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. मानेला जोराचा हिसका बसला की असं होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आणि घड्याळजींच्या शर्टाच्या खिशात एका दवाखान्याचं कार्ड सापडलं. तारीख मंगळवारची, म्हणजे मरणाच्या दोनच दिवस आधीची. पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' असा शब्द असलेला तो दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. तिथल्या डॉक्टरीणबाई हातांनी मणक्यांवर आणि सांध्यांवर उपचार करत. लोक त्यांना मणकेवाल्या बाई म्हणत.

"तिनेच मान मोडली बाबांची," लेक मला म्हणाली. ती रडत नव्हती. आवाज अगदी कोरडा होता. "मावशी, तुम्ही आयुष्यभर खोटं पकडलंत. हे एक माझ्यासाठी पकडा."

मी हो म्हटलं. नाही म्हणून सांगते कुणाला.

शनिवारी पोलिसांनी दवाखान्यातून घड्याळजींची फाइल मागवली. वर नाव होतं, तारीख होती, नंबर होता. आत कागदच नव्हता.

२

दवाखाना लहानसा होता. उपचाराचं टेबल, भिंतीला टेकून उभा केलेला प्लॅस्टिकचा मणक्यांचा सांगाडा, खिडकीत एक सुकलेली कुंडी. बाहेरच्या खोलीत काउंटरवरच्या बाई नुसत्या बसून होत्या. आठ दिवसांत एकही पेशंट आला नव्हता.

मी आधी त्यांच्याशीच बोलले.

"फाइल मीच काढून इथे काउंटरवर ठेवली होती," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी घड्याळजींची मुलगी आणि जावई आले होते ना, तेव्हा. मुलगी खूप बोलत होती. मॅडम म्हणाल्या, केसपेपर दाखवते, तुम्हीच वाचा. तेवढ्यात ती बसल्या जागी कलंडली. चक्कर आली तिला. मॅडम धावल्या, मीही पाणी आणायला आत गेले. मग ते दोघं रिक्षाने गेले. मी फाइल न उघडता तशीच कपाटात ठेवली. माझंच चुकलं."

"घड्याळजी किती वेळ होते आत, त्या मंगळवारी?"

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. अकरा ते अकरा वीस. वर-खाली इतर नवीन पेशंटांची नावं होती. प्रत्येकाला एक तास दिला होता.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. हात मोठे, नखं अगदी बारीक कापलेली.

"मी त्यांच्यावर उपचार केलाच नाही," त्या म्हणाल्या. "हात लावला तो फक्त तपासायला."

"तक्रार काय होती त्यांची?"

"मान उजवीकडे वळत नव्हती. डोकं मागून दुखायला लागायचं आणि कळ डोळ्यापर्यंत यायची. झोप नाही, चिडचिड. एवढंच असतं तर मी व्यायाम दिले असते, हलक्या हाताने उपचारही केले असते. पण त्यांना एकाची दोन दिसत होती, आणि बोलताना दोनदा जीभ अडखळली. अशा मानेला हात लावायचा नसतो. मी उठवलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा. आमच्या बाईंनी तिथे फोन करून नावही नोंदवलं. पण ते लगेच जायला तयार नव्हते, दोन दिवसांनी जातो म्हणाले."

"हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. मुलगी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती, आणि नंतर वकिलांनी तोंड उघडू नका म्हणून बजावलं. सोमवारी लेखी जबाब द्यायचाय."

"आणि हे दुखणं सुरू कशाने झालं?"

त्या उठून सांगाड्यापाशी गेल्या. त्याचा एक मणका वाकडा झाला होता, तो उगाच सरळ करत राहिल्या.

"ते त्यांनी सांगितलं. मी केसपेपरवर लिहिलंही. पण सांगायच्या आधी त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, की हे घरी कळता कामा नये."

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्याला टाळं लागायची वेळ आलीय."

"दिसतंय मला. पण शब्द जिवंत माणसाला दिला होता, तो गेला म्हणून मोडू का? कागद सापडला तर तुम्ही वाचा. मी तोंडाने सांगणार नाही."

जिना उतरताना एवढं मात्र मला कळलं होतं. डॉक्टरीणबाईंना वाचवणारा एकच कागद होता, आणि तो त्यांनी स्वतःच गायब केला असेल यात काही अर्थ लागत नव्हता.

३

हॉस्पिटलातल्या नोंदणीच्या खिडकीवर मी विचारलं. मंगळवार, दुपारी बारा, घड्याळजींचं नाव. पुढे शेरा होता, 'आले नाहीत'. म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यातलं निम्मं तरी खरं होतं. उरलेलं निम्मं मी दुकानात शोधायचं ठरवलं.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला घड्याळजी दोऱ्याने एक चिठ्ठी बांधत. वर तारीख, गिऱ्हाइकाचं नाव आणि बिघाड. मी टेबलावरच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेने लावल्या. आधीच्या महिन्यात मनगटी घड्याळंच जास्त होती, त्यातही बायकांची, नखाएवढी. मग डॉक्टरीणबाईंकडे जायच्या बरोबर एक आठवडा आधीचा मंगळवार आला, आणि त्या दिवसापासून एकही लहान घड्याळ नाही. नुसती भिंतीवरची मोठी घड्याळं. अक्षरही बदललेलं होतं. ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या.

ज्याला एकाची दोन दिसतात तो नखाएवढं घड्याळ उघडत नाही. म्हणजे मानेचं दुखणं दवाखान्याच्या पायरीआधी आठवडाभर तरी सुरू झालं होतं. डॉक्टरीणबाई सुटल्या.

पण मला हायसं वाटलं नाही, कारण तो मंगळवार मला आठवला. चार वाजता मी चहा घेऊन खाली आले तेव्हा घड्याळजींनी मान वळवली नव्हती. अख्खी खुर्ची वळवली होती. मी म्हटलं, "मान धरली वाटतं?" ते म्हणाले, "चाळीस वर्षं खाली घातलेली मान आहे बाई, कुरकुरणारच." आणि मी हसले.

मी हसले, हे लिहिताना अजून हात जड होतो. कारण नोकरीत अशा माना मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. मागून गाडीने ठोकलं की धड पुढे जातं, डोकं मागे राहतं, मग चाबकासारखं पुढे येतं. माणूस उतरतो, हातपाय चाचपतो, काही झालं नाही म्हणतो. दोन दिवसांनी मान आखडते, डोकं दुखतं, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आठवण दगा देते. आणि मी अहवालात काय लिहायची? 'अपघाताच्या दिवशी तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी उद्भवलेलं दुखणं विश्वासार्ह वाटत नाही.' हे वाक्य मला इतकं पाठ होतं की झोपेत लिहिलं असतं.

मंगळवारच्या आधी दोन दिवस म्हणजे रविवार. रविवारी काय झालं होतं?

दुकानामागच्या शेडमध्ये घड्याळजींची जुनी गाडी होती. मोठी घड्याळं पोचवायला ते ती वापरत. मागचा बंपर वरून ठीक दिसत होता. प्लॅस्टिकचे बंपर तसे फसवे, दबतात आणि पुन्हा फुगतात. पत्रा तसा खोटं बोलत नाही. मी डिकी उघडली, तळाची चटई उचलली. खालच्या पत्र्याला आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. ताज्या होत्या, रंगाचे पापुद्रे तिथेच सांडलेले.

चालकाच्या शेजारच्या सीटची डोकं टेकायची उशी अगदी खाली दाबलेली होती. घड्याळजींसारख्या उंच माणसाच्या ती मानेलाही पोचली नसती. तेव्हा ते त्या सीटवर बसले असतील, तर गाडी कोण चालवत होतं?

मी पलीकडच्या दाराने आत बसले. माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. चालकाची सीट पार पुढे ओढलेली होती, अगदी बुटक्या माणसासाठी ओढतात तशी.

घड्याळजींच्या घरात माझ्या खांद्याला लागेल एवढं एकच माणूस होतं. आणि त्या माणसाने सहा वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

४

सहा वर्षांपूर्वी लेक गाडी चालवत होती आणि शेजारी तिची आई बसली होती. समोरून ट्रक आला. चूक ट्रकवाल्याची होती, तपासात तसं सिद्धही झालं. पण आई गेली ती गेलीच. लेकीने परवाना नूतनीकरण न करता तसाच संपू दिला. त्यानंतर ती रिक्षात बसली तरी डोळे मिटून घ्यायची.

म्हणून तिच्याकडे जायच्या आधी मी जावयाला गाठलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याच्यासमोर डबा होता, पण त्याने तो उघडला नव्हता.

"मावशी, एक बोलू?" तोच आधी म्हणाला. "हे सोडून द्या आता. त्या डॉक्टरांना शिक्षा झाली काय, न झाली काय, बाबा परत येणार आहेत का?"

"तुझी बायको तर त्यांना कोर्टात खेचायला निघालीय."

"तिला रागवायला कुणीतरी हवंय. राग आहे तोवर ती उभी आहे." तो खिडकीबाहेर बघत होता. "थोड्या दिवसांनी मी समजावीन तिला."

"घड्याळजींनी तुला काही सांगितलं होतं का? त्रास होतोय वगैरे?"

"छे. ते कुणाला सांगतायत? मान अवघडली एवढंच म्हणायचे, आणि ते तर नेहमीचंच. एकाची दोन दिसतायत हेसुद्धा लपवलं त्यांनी. कळलं असतं तर उचलून नेलं असतं मी."

मी मान डोलावली. शाळेची घंटा झाली, तो डबा तसाच घेऊन वर्गावर गेला. जाताना माझ्या पाया पडल्यासारखा वाकला आणि म्हणाला, "खरंच सोडून द्या, मावशी."

मी बाकावर बसून राहिले. एकाची दोन दिसतायत, ही गोष्ट घड्याळजींनी घरी सांगितली नव्हती. मलाही नाही. ती डॉक्टरीणबाईंना ठाऊक होती, आणि त्यांनी माझ्याखेरीज कुणाकडे तोंड उघडलं नव्हतं. तिसरा फक्त तो कागद होता.

बायकोला चक्कर आली, सगळे तिच्याकडे धावले, तेव्हा काउंटरपाशी एकटा उभा होता तो जावई. कागद कुणी नेला ते कळलं. का नेला, तेही जवळजवळ कळलं.

आणि मग बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चक्कर आली होती. लेकीला. मरणाच्या दुःखाने, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

५

लेक नकाशे काढायच्या कार्यालयात कामाला होती, पण त्या आठवड्यात घरूनच काम करत होती. दार उघडंच होतं. ती उतरत्या फळीवर कागद ताणून बसली होती, पाठ माझ्याकडे.

मी हाक मारली. तिने मान वळवली नाही. स्टुलासकट सगळी वळली.

"या ना मावशी. सापडलं काही?"

"सापडतंय. तू काम चालू ठेव."

तिने पेन्सिल उचलली. डाव्या हातातून पट्टी निसटली. तिने ती उचलली, पुन्हा निसटली. मग तिने हात झटकला, मुंग्या आल्यावर झटकतात तसा.

"कधीपासून होतंय असं?"

"काय? हे होय." ती ओशाळं हसली. "झोप नाही ना. डोकं मागून ठणकत असतं. परवा एक अख्खा रस्ता काढायचा विसरले. साहेब काही बोलले नाहीत, बाबा गेलेत म्हणून."

"बाबा गेल्यापासून होतंय का?"

ती थांबली. आठवायचा प्रयत्न करत होती. "नाही," ती हळूच म्हणाली. "त्याच्या आधीपासून. बाबा होते तेव्हापासूनच."

मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. "त्या रविवारी गाडी तू चालवत होतीस ना?"

तिने पेन्सिल खाली ठेवली.  मग बोलायला लागली ते एका दमात.

शिकाऊ परवाना तिने पुन्हा काढला होता. घड्याळजींनीच काढायला लावला. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, एकदम परवानाच त्याच्या हातात ठेवायचा म्हणून. दर रविवारी सकाळी बापलेक निघायचे. बाबा शेजारी. त्या रविवारी एक सायकलवाली आडवी आली, तिने ब्रेक दाबला, आणि मागून एका टेम्पोने ठोकलं.

"फार नाही हो, हलकंच. बंपरला ओरखडासुद्धा नव्हता. मी रडायला लागले. मी म्हटलं, संपलं, आता पुन्हा कधी नाही. तर बाबा हसले. म्हणाले, काही झालेलं नाही, कुणाला सांगायचंही नाही, गाडी सुरू कर. मी सुरू केली." तिने ओठ आवळले. "परीक्षा गुरुवारी होती, सकाळी नऊला. मी पास झाले, मावशी. तेच सांगायला धावत आले होते दुकानात."

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं. तिला ते ऐकू आलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "एवढ्याशा धक्क्याने काय होतंय? काही होत नाही ना?"

अठ्ठावीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी लिहून देत आले होते. काही होत नाही.

६

"सांगू नका, मावशी."

दारात जावई उभा होता. अर्धी शाळा सोडून आला होता. मी निघाल्यावर त्याला स्वतःचंच वाक्य आठवलं असावं.

"काय सांगू नका?" लेकीने विचारलं. पुन्हा सगळीच्या सगळी वळून.

मी त्याच्याकडे बघितलं. "तुला वाटतं, तू तिला वाचवतोयस. तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. डॉक्टरीणबाईंचं काय व्हायचं ते होवो, पण हिच्या डोक्यावर दुसरं मरण नको. हो ना?"

तो दाराच्या चौकटीला टेकला.

"पण हिची मान बघ. हात बघ. दवाखान्यात चक्कर आली ती दुःखाने नाही आली. ही त्याच गाडीत होती. जे त्यांना झालं त्यातलं थोडं हिलाही झालंय, किती ते मला माहीत नाही. तुला तो कागद लपवायचाय, आणि त्या कागदाशिवाय कुठलाही डॉक्टर हिला दुःख झालंय म्हणून झोपेच्या गोळ्या देऊन घरी पाठवेल. मीही तेच केलं असतं, परवापर्यंत."

तो दाराशीच बसला, खाली, पायरीवर. मग पाकिटातून चौघडी केलेला कागद काढला. आठ दिवस तो अंगावरच बाळगत होता.

"मी पुरावा शोधायला उघडला होता," तो बायकोला म्हणाला. "डॉक्टरांच्या विरुद्ध. दोन ओळी वाचल्या आणि खिशात घातला. फाडायला हात धजला नाही."

तिने कागद घेतला. मी तिच्या खांद्यावरून वाचला. अक्षर घाईचं, पण स्वच्छ होतं. नऊ दिवसांपूर्वी गाडीला मागून धडक. रुग्ण शेजारच्या सीटवर, डोक्याची उशी खाली. दोन दिवसांनी त्रास सुरू. मान, डोकं, चक्कर, एकाची दोन दिसणं. मानेवर कोणताही उपचार केलेला नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी तातडीने हॉस्पिटलला पाठवलं. आणि मग खाली: 'रुग्ण म्हणतो, गुरुवारी दुपारी जाईन, आधी नाही. सकाळी मुलीची परीक्षा आहे, मी दवाखान्यात दिसलो तर ती जाणार नाही. दोन दिवस थांबण्यात जिवाचा धोका आहे हे दोनदा समजावलं. ऐकत नाहीत. मुलीची चूक नाही असं पुन्हा पुन्हा सांगतात. तिने वेळेवर ब्रेक लावला म्हणून सायकलवाली वाचली, हे लिहून घ्या म्हणतात. लिहिलं.'

तिने तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती ओरडली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "शवविच्छेदन वाचलं तेव्हाच. मानेला हिसका, असं लिहिलं होतं ना. मी मनात म्हटलं, त्या बाईनेच केलं असेल. तिनेच केलेलं असू दे." ती नवऱ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. "आधी आई. मग बाबा. माझ्याच शेजारी बसून."

 जावई उठून तिच्याजवळ आला, तिने त्याला लांब केलं नाही, जवळही घेतलं नाही. मी तिच्या चपला शोधून पुढ्यात ठेवल्या.

"रडायचं ते रिक्षात रड," मी म्हटलं. "आधी हॉस्पिटल."

७

तिच्या रक्तवाहिन्या शाबूत निघाल्या. मानेचे स्नायू आणि मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या दुखावल्या होत्या, मणक्यांमधली एक नस जराशी दबली होती, बोटांच्या मुंग्या तिच्याच. वेळेवर आलात, हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, जणू वेळेवर हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला.

तक्रार तिने मागे घेतली. जावयाने पोलिसांसमोर कागद ठेवला आणि आपण काय केलं ते लिहून दिलं. त्याच्यावर पुढे काय कारवाई व्हायची ती होईल. शाळेने त्याला एक ताकीद दिली. डॉक्टरीणबाईंचं नाव कागदोपत्री स्वच्छ झालं, पण जे पेशंट गेले ते सगळे काही परतले नाहीत. पाण्यात दगड पडला की दगड काढता येतो, पाणी लगेच निवळत नाही. काउंटरवरच्या बाई आता दुसरीकडे कामाला जातात.

मी माझ्या जुन्या ऑफिसला एक पत्र लिहिलं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याबद्दल मी जे वाक्य वर्षानुवर्षं लिहीत आले ते चूक होतं, माझे ते अहवाल पुन्हा उघडून बघावेत, असं. त्यांनी पोच पाठवली. पुढे काही नाही. त्यात किती माणसं होती मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचंच जास्त वाईट वाटतं.

महिन्याभराने हॉस्पिटलने लेकीला मानेच्या व्यायामासाठी आणि हलक्या उपचारासाठी कुणाकडे तरी जायची मुभा दिली. कुणाकडे ते तिचं तिनेच ठरवलं. मला म्हणाली, "मावशी, याल बरोबर? एकटीने तो जिना चढवणार नाही माझ्याने."

दुपारची वेळ होती. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाई स्वतःच दार उघडायला आल्या. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"मी तुम्हाला वाटेल ते बोलले," लेक म्हणाली.

"बोललात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसा. पाठ टेकून बसा, मानेवर ताण येऊ देऊ नका."

"तुम्ही सांगितलं असतंत तर एका दिवसात सुटला असतात."

"तुमच्या वडिलांना मी हॉस्पिटलात पाठवू शकले नाही. दार लावून घ्यायला हवं होतं मी त्या दिवशी, जाऊच द्यायला नको होतं. शब्द पाळणं एवढंच माझ्या हातात उरलं होतं." त्यांनी हॉस्पिटलचे कागद घेतले, एकेक वाचले, फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघितले. मग एक कोरा केसपेपर पुढे ओढला, नाव लिहिलं, वय विचारलं. "आज मी फक्त तपासणार आहे. कुठे दुखेल ते लगेच सांगायचं, सहन करायचं नाही. आणि आधी मला सगळं सांगा. अपघात कधी झाला, कसा झाला. सुरुवातीपासून."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाहेर जायला निघाले, तिने हाताने थांबवलं.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. पेन हातात धरून त्या बसून राहिल्या.

"रविवार होता," लेक म्हणाली. "सकाळची वेळ. गाडी मी चालवत होते, आणि बाबा माझ्या शेजारी बसले होते."